दोन इंजिनं, पण पायलट एकच : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात छोट्या ट्विन इंजिन विमानांच्या अपघातांवर चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. बरेचसे सारखेच होते म्हणून एकत्र केलेत. छोटं ट्विन म्हणजे इथं चार ते दहा-बारा सीटांचं, दोन पंख्यांचं विमान धरलंय, सेसना ३१०, पायपर सेमिनोल, बीचक्राफ्टचं किंग एअर, असली मंडळी. मोठी प्रवासी जेट यात नाहीत, त्यांचे नियमच वेगळे आहेत.

प्रश्न : सर, साधा हिशोब आहे. एक इंजिन गेलं तर निम्मी ताकद उरते, म्हणजे विमान निम्म्या वेगाने का होईना पण चढेल. मग ट्विनचा अपघात जास्त जीवघेणा असं का म्हणतात?

हिशोब साधा आहे पण चुकलाय, आणि तुमचाच नाही, विमान विकत घेणाऱ्या भल्याभल्यांचा चुकतो. विमान नुसतं एका पातळीत उडत ठेवायलाच इंजिनांची बरीच ताकद खर्ची पडते, वर चढायला वापरली जाते ती फक्त उरलेली ताकद. घरात दोन पगार येतायत, भाडं, हप्ते, किराणा जाऊन थोडं शिल्लक पडतंय, आणि त्यातला एक पगार बंद झाला तर शिल्लक निम्मी होत नाही, जवळजवळ संपतेच. इथं तेच होतं.

पायपर सेमिनोलचे आकडे बघा, हे जगभर शिकवण्यासाठी वापरलं जाणारं विमान आहे, १८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. समुद्रसपाटीला, पूर्ण वजन घेऊन, दोन्ही इंजिनांवर ते मिनिटाला साधारण १३४० फूट चढतं. एकावर फक्त २१२. म्हणजे ताकद गेली ५० टक्के आणि चढण गेली ८४ टक्के! आणि हे २१२ सुद्धा कधी मिळतात, तर विमान नवंकोरं, हात पक्का, चाकं आत घेतलेली आणि बंद इंजिनाचा पंखा फेदर केलेला म्हणजे पाती वाऱ्याला धारेवर धरलेली असताना. यात थोडा उन्हाळा घाला, उंचावरचं विमानतळ घाला, जुनी इंजिनं घाला, की २१२ चे शंभर होतात, मग शून्य, मग उणे. सेमिनोलच्या मॅन्युअलमध्येच एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग ३८०० फूट दिलीय, त्याच्या वर चढण जवळपास थांबते.

अजून एक गोष्ट ऐकून तुम्हाला धक्का बसेल. अमेरिकेच्या जुन्या पार्ट २३ नियमांत, म्हणजे छोट्या विमानांना मान्यता देण्याच्या नियमांत, ज्यांखाली यातली बरीचशी विमानं पास झालीत, ६००० पौंडांपर्यंतच्या आणि ६१ नॉट (नॉट म्हणजे विमानाच्या वेगाचं माप) किंवा कमी स्टॉल स्पीड असलेल्या, म्हणजे ज्या वेगाखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग एवढा असलेल्या, ट्विनला एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे अशी सक्तीच नव्हती. किती चढतं ते मोजून लिहा एवढंच, आकडा उणे आला तरी चालेल!

आता ‘जास्त जीवघेणा’ कुठून आलं ते सांगतो. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने १९७९ मध्ये एक अभ्यास काढला होता, १९७२ ते १९७६ मधल्या लाइट ट्विनच्या अशा अपघातांवर जे इंजिन बंद पडल्यानंतर झाले. त्यात दिसलं की अशा अपघातांपैकी माणसं दगावलेल्या अपघातांचं प्रमाण ट्विनमध्ये सिंगल इंजिनपेक्षा चौपटीच्या आसपास आहे. मात्र हा आकडा नीट समजून घ्या हां, लोक अर्धवट वाचून फेकतात. ज्या ट्विनचं एक इंजिन बंद पडलं आणि पायलट दुसऱ्यावर गपगुमान जवळच्या धावपट्टीवर उतरला, तो या मोजणीत येतच नाही, कारण तिथं अपघातच झालेला नसतो. सिंगलचं इंजिन बंद पडलं की शेतात का होईना उतरावंच लागतं, मग विमानाला काहीतरी होतं आणि नोंद होते. म्हणजे ट्विन वाईट असं हा आकडा म्हणत नाही, ट्विनमध्ये जेव्हा गोष्ट हाताबाहेर जाते तेव्हा ती फार वाईट जाते एवढंच म्हणतो. सिंगलवाला निदान सरळ, कमी वेगात, चाकं किंवा पोट खाली ठेवून जमिनीला टेकतो, ट्विनवाला बऱ्याचदा उलटा होऊन.

प्रश्न : उलटा का होतो पण? एका इंजिनावर विमान उलटतं कसं?

दोन्ही इंजिनं पंखांवर, मधल्या रेषेपासून लांब. डावं बंद पडलं की उजवं एकटं ओढतं आणि नाक डावीकडे फिरायला लागतं, वर बंद पडलेला डावा पंखा वाऱ्याने नुसता गरागरा फिरत राहून ब्रेकसारखा लागतो. हे थांबवायचं रडरने, म्हणजे शेपटीच्या उभ्या पात्याने, जे पायांनी फिरवतात, इथं उजवा पाय पूर्ण दाबून. पण रडर चालतो वाऱ्यावर. वेग कमी झाला की रडरला वारा पुरत नाही, आणि एका वेगाच्या खाली पाय कितीही दाबा, नाक फिरायचं थांबत नाही. त्या वेगाला म्हणतात व्हीएमसी, स्पीडच्या डायलवर त्याची लाल रेघ असते. सेमिनोलला ती ५६ नॉटवर आहे. दुसरी निळी रेघ असते ८८ वर, एका इंजिनावर सगळ्यात चांगली चढण ज्या वेगाला मिळते ती. पायलट लोक सरळ ‘ब्लू लाइन धर’ असंच म्हणतात.

आता टेकऑफनंतर इंजिन गेलं की काय होतं बघा. विमान चढेना, समोर झाडं, बिल्डिंगा, माणसाचा हात आपोआप नाक वर ओढतो. नाक वर केलं की वेग निळीकडून लालकडे घसरतो, नाक फिरतं, फिरणाऱ्या बाजूचा पंख खाली जातो, चालू इंजिन फुल पॉवरवर असतंच, तेच विमानाला पालथं घालतं. दोन-तीन सेकंदांचा खेळ असतो हा, आणि जमीन काहीशे फुटांवर.

यातून सुटायचा एक उपाय आहे जो शिकवतात सगळे, करतात थोडे : चालू इंजिनाची पॉवर कमी करायची आणि नाक खाली घालायचं. दोन्ही थ्रॉटल, म्हणजे इंजिनांची ताकद कमी-जास्त करायचे दांडे, मागे घेतले तर विमान निदान सरळ पडतं, ताब्यात असताना पडतं. पण जे एकमेव इंजिन चालतंय तेच आपल्या हाताने बंद करायचं हे मनाला पटत नाही हो. माझं स्पष्ट मत विचाराल तर अर्ध्याहून जास्त व्हीएमसी अपघातांचं मूळ इथंच आहे, मशीनमध्ये नाही.

दुसरी भानगड म्हणजे कुठलं इंजिन गेलं हेच ओळखायचं. शिकवताना एक सूत्र घोकून घेतात, जो पाय मोकळा ते इंजिन मेलं. उजवा पाय दाबून धरावा लागतोय आणि डावा रिकामा आहे म्हणजे डावं बंद. मग त्याचा थ्रॉटल मागे घेऊन खात्री करायची, काही फरक पडला नाही तर तेच, मगच फेदर. घाईत चुकीचं इंजिन बंद केल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. फेदरलाही वेळेची मर्यादा असते, सेमिनोलमध्ये इंजिनाचे फेरे मिनिटाला ९५० च्या खाली गेले की आत एक लॉक पिन बसते आणि मग पंखा फेदर होतच नाही. ती पिन रोज इंजिन बंद करताना पंखा फेदरमध्ये जाऊ नये म्हणून ठेवलेली असते, पण इंजिन एकदम जाम झालं तर तीच आडवी येते.

३० जून २०१९ चा टेक्सासमधल्या अ‍ॅडिसनचा अपघात या बाबतीत वाचण्यासारखा आहे. किंग एअर ३५०, दहा माणसं. जमीन सोडल्यावर लगेच डाव्या इंजिनाची पॉवर गेली, आणि पायलटचा पहिला पाय पडला डावा, म्हणजे बरोब्बर उलटा. को-पायलटने डावं इंजिन गेल्याचं सांगितलंसुद्धा, पायलटने मग उजवा पाय दिलाही, पण तोवर विमान कलंडत चाललं होतं, ते उलटं होऊन हँगरवर पडलं आणि कोणीच वाचलं नाही. एनटीएसबीच्या तपासात तो चुकीचा पायच मुख्य कारणांत आला. अनुभवी माणसाचं हे होतं, नवशिक्याचं सोडाच.

प्रश्न : दोन्ही इंजिनं एकाच वेळी बंद पडणं म्हणजे लाखात एक ना?

इंजिनं खरोखर एकमेकांपासून वेगळी असती तर हो. पण टाक्या भरणारा माणूस एक, इंधन एक, बॅटरी एक, आणि नॉब फिरवणारा हातही एकच.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे चुकीचं इंधन. पिस्टन इंजिनाला अ‍ॅवगॅस लागतं, १०० एलएल, रंगाने निळसर. टर्बाइनला, म्हणजे जेटच्या जातीच्या इंजिनाला, लागतं जेट फ्युएल, ते रॉकेलसारखं. पिस्टन इंजिनात जेट फ्युएल गेलं की ते सिलिंडरमध्ये ठोके देत फुटायला लागतं आणि इंजिन स्वतःलाच खातं. वाईट म्हणजे पाइपात जुनं चांगलं इंधन शिल्लक असतं, त्यामुळे स्टार्ट व्यवस्थित, टॅक्सी व्यवस्थित, टेकऑफही होतो, आणि मग वर गेल्यावर दोन्ही बाजूंना एकदम बोंब. २७ ऑगस्ट २०१४ ला न्यू मेक्सिकोच्या लास क्रूसेसमध्ये सेसना ४२१ एअर अ‍ॅम्ब्युलन्स अशीच पडली, पेशंटसकट चौघं गेले. पायलट इंधन भरताना तिथंच होता, पावतीवर जेट फ्युएल लिहिलेलं, त्यावर त्याची सही. ५ ऑक्टोबर २०१९ ला इंडियानामधल्या कोकोमोला एअरोस्टार नावाचं एक पिस्टन ट्विन याच कारणाने पडलं. ही विमानं दिसायला टर्बोप्रॉपसारखी, म्हणजे टर्बाइनवर पंखा फिरवणाऱ्या विमानांसारखी, काहींवर ‘टर्बो’ असंही लिहिलेलं असतं, भरणारा फसतो. पण जेट फ्युएलचं नोझल मुद्दाम रुंद ठेवलेलं असतं, अ‍ॅवगॅसच्या टाकीच्या तोंडात ते सरळ बसत नाही, तिरकं धरून ओतावं लागतं. नोझल तिरकं धरावं लागतंय तिथंच थांबायला हवं ना राव!

टाक्यांचा घोळ वेगळाच. सेसना ३१० मध्ये मेन टाकी कुठं, तर पंखाच्या टोकाला, ती लांबट भोपळ्यासारखी दिसते ना तीच, आणि ऑक्झिलरी पंखाच्या आत. ऑक्झिलरीवर इंजिन चालवलं तरी पंपाने ओढलेलं जास्तीचं इंधन परत जातं मेन टाकीत. मेन आधी थोडी रिकामी केलेली नसेल तर ते तिथून ओसंडून सरळ बाहेर, हवेत. पायलट कागदावर हिशोब करतोय अजून तासभराचं आहे, आणि ते कधीच उडून गेलंय. असे मुक्कामाच्या अलीकडे टाक्या कोरड्या झालेले किती सापडतील!

बॅटरीचं उदाहरण जर्मनीतल्या श्पायरचं, ४ मार्च २००७. डायमंड डीए ४२, आधुनिक डिझेल ट्विन, इंजिनं कॉम्प्युटर चालवतो. बॅटरी उतरली होती म्हणून बाहेरची वीज लावून दोन्ही इंजिनं सुरू केली आणि निघाले. टेकऑफ झाला, चाकं आत घ्यायचं बटण दाबलं, त्या मोटरने वीज खेचली, व्होल्टेज क्षणभर खाली गेलं, दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रीसेट झाले आणि दोन्ही पंखे फेदर. कोणी दगावलं नाही हे नशीब.

आणि ३१ मे २००० ची दक्षिण ऑस्ट्रेलियातली रात्र. पायपर चीफ्टन स्पेन्सर गल्फच्या पाण्यात गेलं, आठही जण गेले. एका इंजिनाचा क्रँकशाफ्ट तुटलेला, दुसऱ्याचा पिस्टन वितळून भोक पडलेलं. आधी कुठलं गेलं यावर तपास यंत्रणा आणि कॉरोनर (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) यांचं शेवटपर्यंत जमलं नाही, पण एक गेल्यावर उरलेल्याला पिळून काढलं की तेही जाऊ शकतं हा विषय त्या अपघाताने सगळ्यांसमोर आणला.

प्रश्न : एवढ्या प्रसिद्ध लोकांचे अपघात झाले, ते सगळे इंजिनामुळेच का?

नाही, आणि हेच मला लोकांना सांगायचं असतं. यादी काढली तर बहुतेक ठिकाणी दोन्ही इंजिनं मस्त चालू होती.

फॉर्म्युला वनचा चॅम्पियन ग्रॅहम हिल, २९ नोव्हेंबर १९७५, स्वतःचं पायपर अ‍ॅझ्टेक स्वतः चालवत रात्री दाट धुक्यात लंडनजवळच्या एल्स्ट्रीला उतरायला निघाला आणि अलीकडेच आर्क्लीच्या गोल्फ कोर्सवर आदळला. त्याच्यासकट टीमची सहा माणसं गेली. नंतर निघालं की त्याचं रेटिंग, म्हणजे असं उड्डाण करायची परवानगी, संपलेलं, विमानाची नोंदणी रद्द झालेली, त्यामुळे विमाही नाही. इंजिनाचा काय दोष?

मिसूरीचे गव्हर्नर मेल कार्नाहन, १६ ऑक्टोबर २०००, सेसना ३३५, मुलगा चालवत होता. रात्र, पाऊस, ढग, आणि विमान सरळ आहे की कललंय हे दाखवणारं समोरचं मुख्य यंत्रच बंद पडलं. ढगात शरीराला काहीही वाटतं, सरळ वाटत असताना आपण वळत असतो, त्यात भ्रम होऊन ताबा गेला. योगायोग बघा, १६ ऑक्टोबरलाच, १९७२ मध्ये, अमेरिकन संसदेतले हेल बॉग्ज अलास्कात सेसना ३१० मधून जाताना गायब झाले, ३९ दिवस शोधलं, विमान आजतागायत मिळालेलं नाही.

सिनेटर पॉल वेलस्टोन, २५ ऑक्टोबर २००२, किंग एअर ए १००, मिनेसोटात उतरताना. दोन पायलट, दोन इंजिनं, तरी वेग कमी होत गेला तो कोणी पकडला नाही, स्टॉल झालं, आठ गेले. गायिका आलिया, २५ ऑगस्ट २००१, बहामाजमधल्या मार्श हार्बरवरून उडालेलं सेसना ४०२. वजन मर्यादेच्या बरंच वर, त्यातही सामान मागे कोंबल्याने तोल मागे गेलेला, पायलटला ते विमान चालवायची परवानगी नव्हती, रक्तात नशेचे अंश. नऊ जणांचा जीव गेला.

हवामान, अंधार, वजन, आणि ‘होईल हो, जाऊ आपण’ ही वृत्ती. ट्विनमध्ये ही वृत्ती जरा जास्तच फोफावते असं माझं मत, कारण दुसरं इंजिन आहे म्हणून माणूस ज्या हवेत सिंगल घेऊन गेला नसता त्या हवेत जातो. बर्फ पंखावर साठायला लागला की त्याला इंजिनं किती आहेत याच्याशी देणंघेणं नसतं.

प्रश्न : मग दोन्ही इंजिनं मधल्या रेषेतच का नाही लावत?

लावली होती की. सेसना ३३७ स्कायमास्टर, एक पुढे एक मागे. एक बंद पडलं तरी नाक फिरत नाही, अमेरिकेत तर फक्त त्यावर परीक्षा दिली तर लायसन्सवर फक्त असलीच मधल्या रेषेतल्या इंजिनांची विमानं चालवायची मर्यादा घालतात. पण माणूस तिथंही वाट काढतो! मागचं इंजिन दिसत नाही, जमिनीवर थांबून असताना ते बंद पडायचं, आणि नाक ओढत नसल्याने पायलटला पत्ताच नाही, तो पुढच्या एकावरच टेकऑफ करायला बघायचा. म्हणून टेकऑफला मागचा थ्रॉटल आधी पुढे करा असं सांगतात.

प्रश्न : मित्सुबिशी एमयू-२ म्हणजे उडती शवपेटी असं वाचलं. खरंय का दादा?

नाव बदनाम झालं खरं. वेगवान जपानी टर्बोप्रॉप, पंख लहान, आणि कलण्यासाठी पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या नेहमीच्या एलेरॉनऐवजी स्पॉयलर, म्हणजे पंखावर वर उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या. एक इंजिन गेल्यावर दुसऱ्या विमानांची सवय हातात असेल तर गडबड होते. अपघात इतके झाले की बंदी घाला अशी मागणी झाली. अमेरिकेच्या विमान नियामक एफएएने तपासण्या केल्या, विमानाच्या रचनेत दोष निघाला नाही, मग २००८ मध्ये एसएफएआर १०८ नावाचा नियम आणून ठरावीक पद्धतीचं ट्रेनिंग सक्तीचं केलं. विमान तेच राहिलं, अपघात झपाट्याने कमी झाले. यावरून काय ते समजा.

प्रश्न : माझी भाची मल्टी-इंजिनचं ट्रेनिंग सुरू करतेय. घरचे घाबरलेत. ट्रेनिंगमध्येच अपघात होतात म्हणे?

ताई, होतात, खोटं कशाला सांगू. मुद्दाम इंजिन बंद करून शिकवावं लागतं आणि तेच कमी उंचीवर केलं की अंगलट येतं. म्हणून अमेरिकन परीक्षेत व्हीएमसीचं प्रात्यक्षिक जमिनीपासून ३००० फुटांच्या वरच संपवायचं असा दंडक आहे. त्यातही एक मेख आहे, उंचीवर साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, इंजिनाची ताकद कमी होते म्हणून व्हीएमसी खाली येते, पण स्टॉलचा वेग डायलवर तोच राहतो. दोन्ही एकमेकांजवळ आले आणि एका इंजिनावर स्टॉल झालं की विमान स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली, जातं, आणि लाइट ट्विनला स्पिनमधून बाहेर येऊन दाखवायची अट सर्टिफिकेशनमध्ये नसतेच. तेव्हा भाचीला एवढंच सांगा, इन्स्ट्रक्टरने उंची कमी असताना खरंखुरं इंजिन बंद करायला घेतलं तर नाही म्हणायचं, लाजायचं नाही. आणि प्रत्येक टेकऑफच्या आधी मोठ्याने बोलायचं : चाकं बाहेर आहेत आणि पुढे धावपट्टी आहे तोवर इंजिन गेलं तर दोन्ही थ्रॉटल मागे आणि खाली. हे तोंडपाठ असेल तरच ऐनवेळी हात तसा चालतो.

प्रश्न : मला पुढच्या महिन्यात अशा चार्टरने जावं लागणार आहे. प्रवासी म्हणून मी काय करू शकतो?

पायलटला घाई करू नका, ही पहिली गोष्ट. २१ फेब्रुवारी २०१७ ला मेलबर्नच्या एसेंडनवरून किंग एअर बी २०० उडालं तेव्हा रडरचा ट्रिम, म्हणजे पायाखालचा भार कमी करायला ठेवलेला नॉब, पूर्ण डावीकडे फिरवलेला राहिला होता. इंजिनं ठणठणीत, विमान मात्र उचलल्या उचलल्या डावीकडे वळत जाऊन शेजारच्या शॉपिंग सेंटरवर पडलं, पाचही जण गेले. ऑस्ट्रेलियन तपासात लिहिलंय की चेकलिस्टमध्ये ते लक्षात यायच्या पाच संधी होत्या. तेव्हा तो कागद घेऊन ओठ हलवत बसलाय असं दिसलं तर गप्पा मारू नका, फोन दाखवू नका, बसू द्या त्याला.

दुसरं, हवा बिघडली आणि तो म्हणाला आज नको, तर ‘दोन इंजिनं आहेत की’ असं म्हणू नका, हॉटेलचं बिल भरा. आणि वजन विचारलं तर खरं सांगा, बॅगेसकट, चार किलो न लपवता. तिथं कोणी तुमची चेष्टा करायला विचारत नाहीये. तो म्हणाला ही बॅग मागे नाही, इथं पुढे ठेवा, किंवा इथंच सोडा, तर तसं करा.